पुस्तक वाचून झालं, कोड मात्र सुचत नाही

यावेळच्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत, जाडजूड रेफरन्स बुक समोर ठेवून स्वतःचं स्वतः जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणं. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून तीच घेतलीत. पत्रं लांब होती, थोडक्यात दिलीत.

प्रश्न : ताई, मी अकाउंट्सचं काम करतो, वय ३६. रोजची आकडेमोड आपोआप व्हावी म्हणून जावा शिकायला घेतलं. ११०० पानांचं रेफरन्स बुक आहे, चार महिन्यांत ४२० पानं झाली, पेन्सिलने खुणा केल्यात, वाचताना सगळं कळतं. पण नवीन रिकामी फाइल उघडली की एक ओळसुद्धा सुचत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? उरलेली ६८० पानं वाचून काढू का?

उत्तर : नका वाचू. निदान आत्ता तरी नका. आणि तुमच्यात काहीही कमी नाहीये, चार महिने चिकाटीने ४२० पानं वाचणारा माणूस शिकणारच, फक्त पुस्तक चुकीच्या बाजूने धरलंय.

रेफरन्स बुकमधला क्रम हा भाषेचा क्रम असतो, शिकणाऱ्याचा नसतो. ऑपरेटर्सचं प्रकरण काढून बघा, तिथे बेरजेच्या चिन्हाच्या दोन पानं पुढे >>> हे बिट सरकवणारं चिन्ह असेल. दोन्ही एकाच घराण्यातली म्हणून शेजारी ठेवलीत, पण बेरीज तुम्हाला पहिल्या दिवशी लागणार आणि >>> कदाचित पुढची पाच वर्षं लागणार नाही. तुम्ही दोन्हींवर सारखीच मेहनत घेतलीत. असं प्रत्येक प्रकरणात झालं असणार, त्यामुळे डोक्यात माल भरपूर आहे पण कुठला कधी काढायचा ते ठरलेलं नाही.

मीही सुरुवातीला हेच केलं होतं. पुस्तक जवळजवळ पाठ झालं होतं आणि पहिल्या नोकरीत साधं काम मिळालं, एक फाइल वाचायची आणि त्यातल्या चुकीच्या ओळी वेगळ्या काढायच्या. अर्धा दिवस मी पुस्तकाची पानं उलटत बसले. शेजारी बसणाऱ्या सिनियरने शेवटी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, जावा सोड, तू हे काम हाताने केलं असतंस तर काय काय केलं असतंस ते कागदावर मराठीत लिही. सहा ओळी झाल्या. मग म्हणाली, आता यातली एकेक ओळ घे आणि तेवढीच पुस्तकात शोध. त्या सहा ओळींमध्ये मी जे शिकले ते आधीच्या सगळ्या वाचनात शिकले नव्हते, हे मी अगदी मनापासून सांगते.

तेच तुमच्या कामाला लावून बघू. समजा एक टेक्स्ट फाइल आहे, प्रत्येक ओळीत तारीख, खर्चाचं कारण आणि रक्कम, मध्ये स्वल्पविराम. तुम्हाला कारणाप्रमाणे बेरीज हवीय. हाताने काय कराल? फाइल उघडून एकेक ओळ वाचाल, ओळीचे तीन तुकडे कराल, कारण आधी आलंय का ते बघाल, आलं असेल तर जुन्या बेरजेत रक्कम मिळवाल, नसेल तर नवीन रकाना उघडाल, शेवटी सगळे रकाने छापाल. झालं. आता पुस्तकाला विचारायचे प्रश्न मिळाले: फाइलमधल्या ओळी कशा वाचतात, स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, तुकडे कसे करतात, नाव आणि त्यासमोर आकडा असं कशात ठेवतात. इंडेक्समध्ये फाइल्स, स्प्लिट आणि हॅशमॅप हे तीन शब्द काढलेत की काम सुरू. लूप आणि इफ तुम्हाला येतातच, ४२० पानं वाचलीत.

तुम्ही अकाउंट्सचे आहात म्हणून एका जागी जरा थांबते, कारण इथे तुमची खात्रीने फसगत होणार. रक्कम ठेवायला पुस्तकात पहिल्यांदा डबल हा टाइप भेटतो आणि सगळे तोच वापरतात. तुम्ही ०.१ अधिक ०.२ छापून बघा. पण रन करायच्या आधी वहीत लिहा की उत्तर काय येईल. ही सवय प्रत्येक प्रोग्रामला लावा, आधी लिहायचं, मग रन करायचं. तुम्ही ०.३ लिहाल आणि स्क्रीनवर येईल ०.३०००००००००००००००४. मशीन बिघडलेलं नाही, डबल आकडे अर्धा, पाव, अष्टमांश अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या अपूर्णांकांत ठेवतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश कधीच पूर्ण लिहून होत नाही. शंभर ओळींच्या बेरजेत कदाचित दिसणार नाही, पण दोन बेरजा एकमेकींशी जुळतात का हे तपासायला गेलात की प्रोग्राम म्हणेल जुळत नाहीत आणि तुम्ही वेडे व्हाल.

म्हणून पैशांना बिगडेसिमल, दशांशातला आकडा आहे तसा ठेवणारा टाइप. आता त्याचं पान काढा आणि या वेळी नुसतं वाचू नका, प्रत्येक वाक्य करून बघा. नवीन बिगडेसिमल बनवताना कंसात नुसतं ०.१ दिलं की आत एकाच्या पुढे सोळा शून्यं आणि मग ५५५११ असं चालू होऊन दशांशचिन्हानंतर तब्बल ५५ आकडे येतात, कारण ०.१ आधी डबल झाला, मग त्याचा बिगडेसिमल झाला. तेच अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून "०.१" दिलं की नेमका ०.१ मिळतो (कोडमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी). पुढे, बेरजेसाठी अ‍ॅड मेथड (म्हणजे नाव घेऊन करून घ्यायची ठरलेली कृती) मारलीत आणि बेरीज शून्यच राहिली असं होईल, कारण बिगडेसिमल बदलत नाही, अ‍ॅड नवीन ऑब्जेक्ट परत देते आणि तो तुम्ही परत त्याच व्हेरिएबलमध्ये घ्यायला हवा. आणि २.० आणि २.०० हे इक्वल्स या मेथडच्या मते वेगळे आहेत, कारण ते दशांशस्थळंही बघतं, नुसती किंमत ताडायची तर कम्पेअरटू वापरायचं आणि उत्तर शून्य येतं का बघायचं. हे तिन्ही त्या पानावर लिहिलेलं असतं. तुम्ही वाचलंही असेल, खूणही केली असेल. पण हातातल्या बेरजेचं उत्तर चुकलेलं असताना ते वाक्य वाचणं आणि निवांत बसून वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्या फेरीत काय सोडायचं तेही सांगते, म्हणजे अपराधी वाटायला नको. थ्रेड्स, रिफ्लेक्शन, सिरियलायझेशन, बिट ऑपरेटर्स, मॉड्यूल्स, स्वतःची अ‍ॅनोटेशन्स लिहिणं, जेनेरिक्समधली प्रश्नचिन्हवाली वाइल्डकार्ड्स, सगळं सोडा. स्ट्रिंग, अ‍ॅरे, अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप, क्लास आणि कन्स्ट्रक्टर, एक्सेप्शन, फाइल वाचणं-लिहिणं एवढ्यावर दोन-तीन महिने खरंखुरं काम होतं. आणि एक वही एररची ठेवा, काय एरर आली, मला काय वाटलं होतं, खरं कारण काय निघालं, पान नंबर. पेन्सिलच्या खुणांपेक्षा ती वही तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्याकडे कुणीतरी दिलेलं २०१० च्या आसपासचं जावाचं पुस्तक आहे. नवीन घ्यायलाच हवं का? मुलगा म्हणतो हे रद्दीत टाक.

उत्तर : रद्दीत नका टाकू. जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने लोकांसमोर आणली तेव्हापासून जुना कोड नव्या जावावर चालला पाहिजे याची काळजी तिथले लोक फार घेत आलेत, त्यामुळे तुमच्या पुस्तकातले बहुतेक प्रोग्राम आजही कंपाइल होतील, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलले जातील. व्हेरिएबल, लूप, क्लास, इंटरफेस, एक्सेप्शन, अ‍ॅरेलिस्ट, हॅशमॅप सगळं चालेल. जेनेरिक्स २००४ मध्ये जावा ५ सोबत आले, म्हणजे तेही त्यात असणार.

नसेल ते असं. लॅम्ब्डा आणि स्ट्रीम्स, जे मार्च २०१४ च्या जावा ८ मध्ये आले आणि आज कुठलाही कोड उघडलात तरी दिसणारच. फाइल आपोआप बंद करणारा ट्रायचा प्रकार २०११ च्या जावा ७ चा. व्हार हा शब्द २०१८ चा, रेकॉर्ड हा छोटा क्लास २०२१ चा. हे पुस्तक संपल्यावर वेगळं शिकता येईल, पाया तोच आहे.

दोन गोष्टींवर मात्र पेनने काट मारा. एक, अ‍ॅपलेटचं प्रकरण. ब्राउझरमध्ये चालणारे ते प्रोग्राम आता इतिहासजमा झालेत, आजचे ब्राउझर ते चालवतच नाहीत. दुसरी, डेट क्लास वापरून तारखा बनवणं. त्यात वर्ष १९०० पासून मोजतात आणि महिना शून्यापासून, म्हणजे तुम्ही भाबडेपणाने २०१४, ३, १८ दिलंत तर तारीख निघते १८ एप्रिल ३९१४! तो कन्स्ट्रक्टर वापरू नका असं जावाच्या १.१ व्हर्जनपासूनच लिहिलेलं आहे तरी पुस्तकांतून तो कित्येक वर्षं शिकवला गेला. त्याऐवजी जावा ८ मधला लोकलडेट वापरा, तिथे ३ म्हणजे मार्चच.

आणि लॅपटॉपवर जावा मात्र नवीनच टाका, पुस्तक जुनं म्हणून सॉफ्टवेअर जुनं शोधत बसू नका. नवीन घेतल्याचा मोठा फायदा म्हणजे जेशेल, जावा ९ पासून सोबतच येतं. कमांड लाइनवर उघडायचं, एक ओळ टाइप करायची, लगेच उत्तर. पुस्तकातलं एखादं वाक्य तपासायला फाइल बनवा, क्लास लिहा, मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड) लिहा असं काहीच करावं लागत नाही. २०१० मध्ये शिकणाऱ्यांना हे मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आता तर सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ पासून छोट्या प्रोग्रामला बाहेरचा क्लास लिहावा लागत नाही, नुसती मेन मेथड पुरते, म्हणजे पब्लिक स्टॅटिक व्हॉइड या ओळीची पहिल्या पानावरची भीतीही गेली.

प्रश्न : फाइलचं नाव टिंबावर तोडून शेवटचा भाग हवा होता. स्प्लिट मेथडला टिंब दिलं तर शून्य लांबीचा अ‍ॅरे मिळतो, एकही तुकडा नाही! स्वल्पविरामावर तोडलं तर नीट चालतं. दोन दिवस गेले. पुस्तकात स्प्लिटचं उदाहरण आहे तेही स्वल्पविरामाचंच.

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, दोन दिवस गेल्याचा नाही, तर तुम्ही स्वल्पविराम घालून बघितलंत याचा. एकच गोष्ट बदलून बघणं ही डिबगिंगची, म्हणजे चूक शोधून काढण्याची, अर्धी विद्या आहे.

उदाहरण बाजूला ठेवा आणि उदाहरणाच्या वरची ओळ वाचा, मेथडची घोषणा. तिथे कंसात स्ट्रिंग लिहिलंय आणि त्यापुढे पॅरामीटरचं नाव आहे, रेजेक्स. सेपरेटर नाही, डिलिमिटर नाही, रेजेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मजकुरातला नमुना सांगायची खुणांची भाषा. सगळं रहस्य त्या एका नावात आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंबाचा अर्थ टिंब नसतो, कुठलंही एक अक्षर असा असतो. म्हणजे तुम्ही जावाला सांगितलंत की प्रत्येक अक्षर हे तोडायची जागा आहे. तिने तोडलं, सगळे तुकडे रिकामे निघाले. मग त्याच पानावरचं दुसरं वाक्य लागू झालं, शेवटी असलेले रिकामे तुकडे अ‍ॅरेमध्ये धरले जात नाहीत. सगळेच रिकामे, सगळेच शेवटचे, म्हणून शून्य. स्वल्पविरामाला रेजेक्समध्ये खास अर्थ नाही म्हणून तो चालला. उभ्या रेघेवर तोडलं असतंत तर वेगळीच मजा दिसली असती, एकेक अक्षर सुटं झालं असतं, कारण उभी रेघ म्हणजे हे किंवा ते आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही.

उपाय सोपा, टिंबाच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा द्या, "\\." असं, किंवा पॅटर्न क्लासची कोट मेथड वापरा. तुम्हाला फक्त शेवटचा भाग हवा असेल तर खरं तर तोडायचीच गरज नाही, लास्टइंडेक्सऑफने शेवटचं टिंब शोधा आणि तिथून पुढचं सबस्ट्रिंग घ्या.

पुस्तकातली मेथडची नोंद वाचायची माझी पद्धत सांगते. आधी घोषणा, त्यात पॅरामीटरची नावं आणि काय परत मिळतं. मग थ्रोज, म्हणजे ती मेथड कधी एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडल्याचा इशारा, फेकते. मग सिन्स, कुठल्या व्हर्जनपासून आहे. मग खालचा बारीक मजकूर पूर्ण, आणि उदाहरण सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, उदाहरण उचलतात आणि निघतात.

घोषणा नीट न वाचल्यामुळे होणारा अजून एक घोळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंटीजरची लिस्ट आहे, तिच्यात १, २, ३ आहेत, तुम्ही रिमूव्ह म्हणून कंसात १ दिलंत. काय जाईल? १ नाही जात, २ जातो. कारण लिस्टला रिमूव्ह नावाच्या दोन मेथड आहेत, एक जागेचा नंबर घेते, दुसरी ऑब्जेक्ट घेते, आणि साधा १ दिला की जागेचा नंबर घेणारी निवडली जाते, जागा शून्यापासून मोजतात म्हणून जागा १ वरचा २ गेला. या दोन्ही मेथड १९९८ च्या जावा १.२ पासून आहेत, तेव्हा लिस्टमध्ये साधा आकडा थेट टाकताच येत नव्हता त्यामुळे गोंधळाचा प्रश्नच नव्हता. साध्या आकड्याचं आपोआप ऑब्जेक्ट होणं २००४ मध्ये आलं आणि हा खड्डा पडला. जुना कोड मोडू नये म्हणून नियम असा ठेवला की आकडा आहे तसा बसतोय अशी मेथड आधी शोधायची, नसेल तरच त्याचा ऑब्जेक्ट करायचा. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही, माझा तरी हाच अनुभव.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, एन्कॅप्सुलेशन सगळ्याच्या व्याख्या येतात, परीक्षेत लिहिल्याही. गाडी हा क्लास आणि लाल गाडी हा ऑब्जेक्ट. पण प्रोग्राम लिहायला घेतला की सगळं मेनमध्येच लिहून मोकळी होते, क्लास कशाला करायचा तेच कळत नाही. इंटरफेसचंही तेच.

उत्तर : तुझा प्रश्न प्रामाणिक आहे आणि दोष त्या गाडीच्या उदाहरणाचा आहे. लाल गाडी सांगून ऑब्जेक्ट म्हणजे काय ते कळतं, पण कशाला ते नाही कळत.

कशाला हे कळायला सुरुवात बघ. क्लास आणि ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेमधली, ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली. त्यांना सिम्युलेशन करायचं होतं, रांगा, यंत्रं, वाहतूक असल्या गोष्टी कम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या. आता विचार कर, रांगेत दोनशे जण आहेत, प्रत्येकाची आलेली वेळ वेगळी, प्रत्येकाचं काम वेगळ्या टप्प्यावर. हे सगळं मेनमध्ये सुट्या व्हेरिएबलांत ठेवून बघ काय होतं ते. प्रत्येकाने आपली माहिती आपल्याजवळ ठेवावी आणि काय करायचं तेही स्वतःच जाणावं, ही गरज होती, त्यातून ऑब्जेक्ट आला.

आता तुझ्या कामातलं छोटं उदाहरण घे, खातं. मेनमध्ये शिल्लक नावाचं एक व्हेरिएबल आहे आणि प्रोग्राममध्ये पाच जागी तू त्यातून रक्कम वजा करतेस. चार जागी आधी तपासलंस की शिल्लक पुरेशी आहे का, पाचव्या जागी विसरलीस. शिल्लक उणे झाली. आता शोध पाचही जागा. त्याऐवजी खातं हा क्लास कर, शिल्लक प्रायव्हेट ठेव, आणि पैसे काढायची एकच मेथड दे जिच्यात ती तपासणी आहे. आता बाहेरचा कुठलाही कोड शिल्लकेला हात लावूच शकत नाही, कंपाइलरच अडवतो, आणि शिल्लक चुकली तर शोधायला एकच फाइल. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या तू पाठ केलीस, तिचा अर्थ एवढाच आहे गं, माहिती आणि तिची राखण करणारा नियम एका जागी. तुझ्या मेनमध्ये एकच तपासणी दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली की समज इथे क्लास हवाय.

इनहेरिटन्सची, म्हणजे एक क्लास एक्स्टेंड करून दुसरा बनवायचा आणि त्याच्या मेथड आयत्या घ्यायच्या याची, मात्र घाई करू नकोस. पुस्तकात त्याला मोठं प्रकरण असतं म्हणून मुलांना वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतच एक चूक बघायला मिळते. स्टॅक नावाचा क्लास व्हेक्टरवरून एक्स्टेंड केलाय, दोन्ही पहिल्या व्हर्जनपासूनचे. स्टॅकचा नियम काय, वरूनच ठेवायचं आणि वरूनच काढायचं. पण व्हेक्टरमध्ये मधल्या कुठल्याही जागी घालता येतं, आणि एक्स्टेंड केल्यामुळे ती मेथड स्टॅकलाही मिळाली! म्हणजे स्टॅकच्या मधोमध वस्तू खुपसता येते, जावा काही म्हणत नाही. आता त्या क्लासच्या नोंदीतच लिहिलंय की त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरणं बरं, आणि प्रत्यक्षात लोक अ‍ॅरेडेक घेतात. तू जेशेलमध्ये स्टॅक बनवून मध्ये काहीतरी घालून बघच. आईबापाची प्रत्येक मेथड मुलाच्या तोंडी शोभते का हे तपासून मगच एक्स्टेंड लिही, शोभत नसेल तर तो दुसरा ऑब्जेक्ट आपल्या क्लासच्या आत प्रायव्हेट ठेव आणि हव्या तेवढ्याच मेथड बाहेर दे.

इंटरफेसबद्दलही विचारलंयस, ते पुढच्या महिन्यात सविस्तर घेऊ. तोपर्यंत व्हेरिएबलचा टाइप अ‍ॅरेलिस्ट न लिहिता लिस्ट लिहायची सवय लाव.

प्रश्न : माझं शिक्षण मराठीत झालं. पुस्तक इंग्रजीत आहे, एकेक पान वाचायला तास लागतो. आधी इंग्रजी सुधारू का?

उत्तर : नाही, दोन्ही सोबतच होईल. अशा पुस्तकाचं इंग्रजी कादंबरीसारखं नसतं, शब्द थोडे असतात आणि तेच तेच परत येतात. त्यातले काही शब्द मात्र अगदी तोलून वापरलेले असतात, ते आधी पक्के करा. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे, नाहीतर प्रोग्राम चुकणार. मे म्हणजे तसं होईल किंवा होणारही नाही, भरवसा धरू नका. डेप्रिकेटेड म्हणजे चालतंय पण नवीन कोडमध्ये वापरू नका. इम्म्युटेबल म्हणजे एकदा बनला की बदलत नाही, स्ट्रिंग तसाच आहे, म्हणून टूअपरकेस (सगळी अक्षरं कॅपिटल) केलं तरी मूळ स्ट्रिंग तशीच राहते. आणि नो गॅरंटी हे दोन शब्द दिसले की थांबायचं. हॅशमॅपच्या नोंदीत क्रमाबद्दल कसलीही गॅरंटी नाही असं लिहिलेलं असतं. तुम्ही पाच नावं घालून बघता, योगायोगाने ओळीत येतात, तुम्ही विसंबता, आणि नावं वाढली की क्रम बदलतो. घातलेल्या क्रमानेच हवं असेल तर लिंक्डहॅशमॅप, अकारविल्हे किंवा लहान-मोठं असं लावून हवं तर ट्रीमॅप.

रोज एकच नोंद घ्या, तिचं स्वतःच्या शब्दांत मराठी करा आणि वहीत लिहा. मेथड, क्लास, ऑब्जेक्ट हे शब्द तसेच राहू द्यात, त्यांचं भाषांतर करायची गरज नाही, वाक्य मराठी झालं की बास. पहिली दहा पानं तासाला एक होतील, मग वेग आपोआप येतो.

प्रश्न : आता एआयला विचारलं की तयार कोड मिळतो. मग पुस्तक कशाला?

उत्तर : विचारा की, मीही विचारते. फक्त मिळालेला कोड चिकटवायच्या आधी त्यात तुम्हाला न ओळखू येणारी एक मेथड निवडा आणि ती पुस्तकात किंवा जावाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये काढून बघा. सापडलीच नाही तर ती मेथड अस्तित्वातच नसेल, असंही होतं. सापडली तर सिन्ससमोर कुठला आकडा आहे ते बघा, तो तुमच्या लॅपटॉपवरच्या जावापेक्षा मोठा असेल तर तो कोड तुमच्याकडे कंपाइलच होणार नाही, आणि का होत नाही हे तुम्हाला एरर यायच्या आधीच माहीत असेल.